मामांचा हात आणि हिरवा चहा

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. मला पदवीधर केलं ते मामांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी त्यांच्या फारशी उपयोगी पडले असं दिसणार नाही.

कन्नड गावातल्या शाळेतून बारावी झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. माहेरी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं, सासरीही नव्हतं. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील, मामांनी माझी गुणपत्रिका मागितली. त्यांना वाचता जेमतेम येत होतं. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "सायन्सला किती हैत?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग हे वाया घालवायचं नाय."

आमचं गाव देवगाव रंगारीपासून थोडं आत. तीन वर्षं मामा मला रोज सकाळी सायकलवर डबलसीट फाट्यापर्यंत सोडत होते. तिथून कॉलेजला जायला एसटी मिळायची. सुनेला असं सायकलवर घेऊन जाणारा सासरा गावानं पाहिलेला नव्हता. पारावरून कुणी म्हणायचं, "आबा, सुनंला कलेक्टर करता का काय?" गावात त्यांना आबा म्हणत. मामा पायडल न थांबवता म्हणायचे, "व्हईल बी. मंग दाखल्याला तिच्याच दारात येशील तू." मी बी.एस्सी. झाले, नंतर बी.एड. केलं आणि शहरातल्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. कलेक्टर झाले नाही, पण मामा लोकांना माझी नोकरी त्याच तोऱ्यात सांगायचे.

मामा शेती करायचे, पण त्यांची खरी ओळख पाणाड्या म्हणून होती. विहीर किंवा बोअर घ्यायचा असला की लोक त्यांना जागा दाखवायला नेत. उजव्या तळहातावर शेंडीवाला नारळ आडवा ठेवून ते अनवाणी शेतातून चालायचे. खाली पाणी असलं की नारळ हातावर उभा राहतो, असं सगळे सांगत. मी ते कधी पाहिलं नव्हतं, कारण बायकांनी तिथं जायचं नसे. या कामाचे त्यांचे नियम कडक होते. उठल्यापासून पाणी दाखवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि बोअरला पाणी लागेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही. मोबदला म्हणून तो नारळ, एवढंच.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. नारळाला पाणी कळत नाही हे मला माहीत होतं. पण हे मी मामांना कधी बोलले नाही. ज्यांनी मला ते शिकायला धाडलं, त्यांनाच ते शिकवायचं धाडस मला झालं नाही.

दुष्काळाच्या वर्षांत मामा आणि आत्याबाई आमच्याकडे शहरात राहायला आले. शहराच्या कडेच्या सातारा परिसरात आम्ही छोटा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. चारी बाजूंनी अशीच घरं उठत होती. रस्ता नव्हता, नळ नव्हता, टँकर आला की बायका ड्रम लावायला धावायच्या. प्रत्येक नव्या प्लॉटवर आधी बोअरची गाडी यायची, घर मागून. मामांची कीर्ती गल्लीत पसरायला आठवडासुद्धा लागला नाही. रविवारी सकाळी दारात माणसं उभी असायची.

त्याच सुमाराला त्यांचा उजवा हात हलायला लागला. बसलेले असताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, कापसाची वात वळावी तशी. आम्हाला काळजी वाटली नाही. उलट शेजारचे काका म्हणाले, "आबांचा हात बघा, बसल्या जागी पाणी ओढतोय." आत्याबाई म्हणाल्या, "ह्यांच्या हाताला लागलं, आता नळाला कवा लागतंय ते बघा." सगळे हसले, मामाही हसले. मी पण हसले. जवळजवळ वर्षभर आम्ही त्या थरथरीला पाण्याची खूण समजत होतो. मामांना तर ते मनापासून पटलं होतं. जमिनीतलं पाणी खोल गेलंय म्हणून हाताला जास्त जोर पडतो, असं ते सांगायचे.

मग त्यांचं चालणं बारीक झालं. पावलं घासत पडायची. आवाज खाली गेला. चेहरा असा झाला की ते रागावलेत का, हे आत्याबाईंना परत परत विचारावं लागायचं. तेव्हा कुठे आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि सांगितलं की हा कंपवात आहे. मेंदूच्या एका भागातल्या पेशी हळूहळू कमी होत जातात, त्या परत येत नाहीत. गोळ्यांनी हालचाल सुधारेल, पण गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. "हे दिसायला लागलं आत्ता," डॉक्टर म्हणाले, "पण आतून सुरू होऊन बरीच वर्षं झालेली असतात."

घरी आल्यावर मामांनी मला जवळ बसवलं. "डागदर काय म्हणला ते नीट सांग. तो लई भरभर बोलतो."

मी वहीच्या मागच्या पानावर मेंदू काढला. विद्यार्थ्यांना समजावते तसं सांगितलं की डोक्यात काही झरे आहेत, त्यांतून एक रस पाझरतो, त्याच्यावर हातपाय चालतात. तुमचे ते झरे आटत चाललेत.

मामांनी त्या चित्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंग तिथं बोअर घेता येत नाय?"

"नाही मामा."

"डोक्यात बी दुष्काळच म्हन."

त्या रात्रीपासून मी मोबाइलवर वाचत सुटले. वाचता वाचता हिरवा चहा समोर आला. त्यातलं एक द्रव्य मेंदूच्या पेशींना जपतं, असं ठिकठिकाणी लिहिलं होतं. अँटिऑक्सिडंट हा शब्द मी रोज फळ्यावर लिहीत होते. तो ओळखीचा शब्द दिसला आणि मला इतका धीर आला की बाकीचं मी भराभर वाचून टाकलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "द्या की, हरकत नाही. प्रयोगशाळेत बरंच काही चांगलं दिसतं. माणसाचा आजार त्यानं थांबतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. गोळ्या मात्र सोडू नका." मी घरी येताना फक्त पहिली दोन वाक्यं घेऊन आले.

पहिल्या दिवशी तो चहा आत्याबाईंनी केला. नेहमीच्या सवयीनं पाणी, पत्ती, साखर, दूध सगळं एकत्र घालून खळखळ उकळला. पातेल्यात मेंदी कालवल्यासारखं काहीतरी झालं. मामांनी बशीत ओतून एक घोट घेतला आणि म्हणाले, "ही पत्ती म्हशीनं आधी खाल्ली व्हती का?" मग मी करायला घेतला. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात पत्ती टाकून तीन मिनिटं झाकायची. तरी आमच्या बोअरच्या जड पाण्यात तो हिरवा व्हायचा नाही, तपकिरी व्हायचा आणि वर साय धरल्यासारखा पापुद्रा यायचा. म्हणून मी त्यांच्या चहापुरता जारचं पाणी वेगळं ठेवायला लागले.

मामांना तो कधीच आवडला नाही. दुधाचा, गुळाचा, आलं ठेचून घातलेला चहा पिणारा माणूस. पण मी दिला आणि त्यांनी नाही म्हटलं, असं एकदाही झालं नाही. हात हलतो म्हणून मी पेला अर्धाच भरायचे. ते दोन्ही हातांनी धरून डोळे बारीक करत प्यायचे. कुणी आलं तर सांगायचे, "सूनबाईचं औषध हे. गोळी वरवर काम करती. हे मुळाला जातं." हे वाक्य माझंच होतं. मी तसंच सांगितलं होतं त्यांना: गोळीनं हात थांबतो, पण झरे राखतो तो हा चहा. असं सांगताना मला फार बरं वाटलं होतं. माझ्या शिक्षणातून त्यांना देण्यासारखं काहीतरी निघालं होतं.

गोळ्यांनी खरोखर फरक पडला. हात बराच शांत झाला, पाऊल उचलायला लागलं. मामांनी त्याचं श्रेय पेल्याला दिलं. मी दुरुस्ती केली नाही.

सहा महिने असे गेले. मग मे महिन्यात गावाकडून तिघं जण आले. एक सरपंच, एक माझे चुलत दीर आणि तिसरे मामांचे एक जुने दोस्त, ज्यांनी आयुष्यभर त्यांच्याबरोबर पाणी पाहायला फिरून नारळ फोडले होते. गावाला दिवसाआड एक टँकर येत होता. गायरानात गावासाठी बोअर घ्यायचा होता. गाडी मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. ती एकाच ठिकाणी भोक पाडून लगेच पुढच्या गावाला जाणार होती.

माझा नवरा म्हणाला, "त्यांना बरं नाही. आता हे सगळं बंद केलंय."

"बंद कुणी केलं?" मामा म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

दोस्त म्हणाले, "गड्या, आपल्या गावाला तू नाय तर कोन दाखवणार? का आता शेहरातलेच बोअर दाखवायचे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग पोरी. सहा महिने चहा झाला. मुळाला गेला आसंल का न्हाय? जाऊ का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिथं मला सांगता आलं असतं की मामा, चहानं काय झालं ते मला ठाऊक नाही, हात थांबलाय तो गोळीनं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. सहा महिने रोज दोनदा ज्यांनी माझ्या शब्दावर तो कडू पाला घशाखाली घातला, त्यांना मी तीन माणसांसमोर ते कसं सांगणार होते? शाळेला सुट्टी होती. मी म्हटलं, "जा मामा. मी येते बरोबर."

पाणी बघायच्या आदल्या दिवशीच आम्ही जीपनं गावी गेलो. सकाळी सातची गोळी मी त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी मान हलवली.

"आज तोंडात काय घालायचं नसतं."

"मामा, ही गोळी आहे. अन्न नाही."

"पानी लागतंच की गिळायला. आल्यावर घेऊ. तुझा चहा बी आल्यावरच."

"डॉक्टरांनी सांगितलंय चुकवायची नाही म्हणून."

"एक दिवस गोळी चुकली तर काय होतंय? मुळाला तर चहा हाय ना."

मी गोळी पुन्हा डबीत ठेवली, डबी पर्समध्ये ठेवली आणि त्यांच्या मागे निघाले. गायरानापर्यंत बाईनं जाऊ नये असं कुणी म्हणालं नाही. शिकलेली सून, शिवाय मामांचा हात धरायला कुणी हवंच होतं.

ऊन चढलं होतं. गायरानात गवताची काडी नव्हती, नुसता मुरूम आणि मधूनच बोरीबाभळी. गाव तिथं जमलं होतं. बायका रिकामे हंडे घेऊन लांब कडेला थांबल्या होत्या, कारण इथून त्या तशाच टँकरला जाणार होत्या. दोस्तांनी मामांच्या हातावर नारळ ठेवला. तो राहिना. गोळीचा असर उतरत चालला होता आणि हात खुळखुळ्यासारखा हलत होता. नारळ एकदा पडला, दोनदा पडला. कुणीतरी मागून म्हणालं, "हात बघा, हात. सगळीकडं पानीच पानी दिसतंय." दोस्तांनी नारळ काढून घेतला. "नुस्त्या हातानं चाल," ते म्हणाले.

मामा चालायला लागले. हात पुढे, नजर पायांकडे. पंचवीसतीस पावलं गेले असतील, पावलं आखूड आखूड होत गेली आणि एका बाभळीशेजारी ते थांबले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. वरचं अंग पुढे झुकलेलं, हात थरथरतोय आणि माणूस जागचा हलत नाही. कंपवातात असं होतं हे मी वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

मग दोस्त हळूच म्हणाले, "लागलं."

सरपंचांनी चुन्याची पिशवी मागवली. मी धावत पुढे गेले. मामांच्या तोंडाजवळ कान नेला.

"पाय उचलंना," ते म्हणाले.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा. हे पाणी नाही. त्यांचे पाय अडकलेत. गोळी घेतलेली नाही सकाळपासून, म्हणून होतंय हे."

सरपंच घोटाळले. दोस्त मात्र शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तीस वर्सं बघतोय मी ह्याला. पानी लागलं का हा असाच उभा ऱ्हातो. तू कवा बघितलं? तू तर आज आलीस."

"त्यांनाच विचारा ना."

मामांनी तोंड उघडलं. त्यांना इथं नको म्हणायचं होतं, ते म्हणालेही, मला दोनदा ऐकू आलं. मी ते मोठ्यानं सांगितलं. सरपंच म्हणाले, "ताई, आबा दमलेत. तुम्ही त्यांना सावलीत न्या. गाडी उद्या सकाळी येतीय, आम्हाला कुठं तरी खूण करावीच लागंल." एवढं म्हणून त्यांनी मामांच्या पायांभोवती चुन्याचं वर्तुळ ओढलं. मामा आत उभे. एका बाईनं लांबूनच हात जोडले.

मी पर्समधून गोळी काढली. मामांनी आता तोंड मिटलं नाही. माझ्या बाटलीतल्या पाण्यानं ती घेतली. पाय सुटायला पाऊण तास लागला. तोवर मी आणि चुलत दिरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं आणि बायका टँकरकडे निघून गेल्या होत्या. पाय सुटल्यावर मामा त्या वर्तुळातून बाहेर आले आणि सरपंचांना परत म्हणाले, "इथं नका घेऊ." सरपंच म्हणाले, "बरं आबा, बघू."

गावात चहा न घेताच आम्ही शहरात परतलो. पाणी लागल्याशिवाय घ्यायचा नाही, या नियमातून मामांचं स्वतःचं गावही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलत दिरांचा फोन आला. त्याच वर्तुळात बोअर घेतला होता. तीनशे फुटांच्या खाली गेले तरी नुसता फुफाटा. गाडी निघून गेली होती. मी विचारलं, "लोक काय म्हणतायत?" ते म्हणाले, "काय म्हनणार वहिनी. कुणीच काय म्हनलं नाय. वय झालं आबाचं, एवढंच." कुणी शिव्या दिल्या असत्या तर मामांना सांगणं मला सोपं गेलं असतं.

मामांना मी फुफाट्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी मी चहा केला, त्यांनी घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. मामा ओट्यावर बसले होते, मी पेला घेऊन गेले. समोरच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली होती, पांढरी धूळ उडत होती. त्या घरवाल्यानं मामांना विचारलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "डागदर म्हणला व्हता, हा रोग आधीपसनंच आसतो आत. किती आधीपसनं?"

"नक्की सांगता येत नाही, मामा."

"तरी. पाच वर्सं? धा?"

"दहाही असतील. जास्तही असतील."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग एकेक विहीर आठवायला लागले. शाळेमागची. मारुतीच्या देवळाखालची. माझ्या माहेरच्या शिवारातली, जिच्यावर आमची सोयरीक जुळली होती ती. कोणती कोणत्या साली दाखवली, तेव्हा हातात कसं झालं होतं, कोपरापर्यंत कळ कशी आली होती. मला कळत होतं ते काय मोजतायत.

"त्या तरी मी दावल्या का?" त्यांनी विचारलं. "का ह्या रोगानंच दावल्या?"

मला खरं उत्तर द्यायचं होतं आणि खऱ्या उत्तराची दोन्ही टोकं त्यांना लागणारी होती. मला सुचलं ते मी बोलले. म्हणाले, "मामा, हातानं नसतील दाखवल्या. पण तुम्ही जन्मभर जमीन बघत आलात. कुठं माती ओली राहते, कुठं उंबर उगवतो, कुठं वारूळ असतं, ते तुमच्या डोळ्यांना कळत असणार. तुमच्या डोळ्यांनी दाखवल्या."

हे मला खरंच वाटत होतं. बोलताना थोडा अभिमानही वाटला, की शेवटी विज्ञानातलं काहीतरी त्यांच्या बाजूनं उभं राहिलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं, आताशा उमटतच नव्हतं.

"मी डोळं मिटून चालायचो पोरी," ते म्हणाले. "तसंच आसतं ते. त्या दिवशी तेवढं उघडं ठेवलं, पडायच्या भ्यानं."

गाडीचा आवाज चालू होता. मामांनी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले.